थंड झालेलं विरजण

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



दही आणि फ्रिज यांबद्दल मला वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो बहुतेक वेळा प्रश्नाच्या रूपात येतच नाही, निकाल होऊनच येतो. ‘फ्रिजमध्ये ठेवलं की दह्यातले जिवाणू मरतात. मग ते दही खायचं कशाला?’ सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की समोरच्यानं आपली वाटी बाजूला सारावी. या व्यासपीठावर मला हाच प्रश्न नीट सोडवायचा आहे. ज्या मास्तरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात ‘असं म्हणतात’ हे उत्तर चालत नसे, आणि दह्याबाबत तर आपण सगळे ‘असं म्हणतात’वरच जगतो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. फ्रिजच्या थंडीनं दह्यातले जिवाणू मरत नाहीत. ते मरतात हे खरं आहे, पण ते स्वतःच तयार केलेल्या आंबटपणानं मरतात. फ्रिज फक्त त्या मरणाचा वेग ठरवतो, आणि तो वेग कमी करतो. म्हणजे ज्याला आपण आरोपी म्हणून उभं केलं आहे, तो खरं तर त्यांना जास्त दिवस जगवतो आहे.

आता हे कसं, ते पाहू.

दह्यातले जिवाणू म्हणजे कोण, इथून सुरुवात करावी लागते. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव नावाचा एक तरुण बल्गेरियन डॉक्टर जिनिव्हात प्राध्यापक मासोल यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. आपल्या देशातल्या दह्यातून त्यानं काडीच्या आकाराचा एक जिवाणू वेगळा काढला. पुढे त्या जिवाणूच्या नावात बल्गेरिया कायमचा जोडला गेला. आज त्याचं शास्त्रीय नाव बरंच लांबलचक आहे, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘बल्गेरिकस’च म्हणतात. त्याचा जोडीदार गोल, मण्यांच्या माळेसारखा दिसणारा ‘थर्मोफिलस’. जगभर ज्याला योगर्ट म्हणतात ते या दोघांचं काम. बल्गेरिकस दुधातली प्रथिनं तोडून अमिनो आम्लं मोकळी करतो, ती थर्मोफिलसला लागतात. थर्मोफिलस फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड देतो, ते बल्गेरिकसला लागतात. दोघांना एकत्र वाढवलं तर दूध जितक्या लवकर लागतं, तितक्या लवकर एकेकट्याकडून लागत नाही.

ग्रिगोरोवचं काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या एली मेचनिकॉफ यांनी उचलून धरलं. आंबवलेलं दूध प्यायल्यानं म्हातारपण लांबतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यांना १९०८ साली नोबेल मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या संशोधनासाठी. दह्यासाठी मिळालं असं सांगणारे संदेश आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात, ते खुशाल पुसून टाका. मेचनिकॉफ स्वतः ७१ व्या वर्षी गेले. बल्गेरिकस माणसाच्या आतड्यात घर करत नाही, हे येल विद्यापीठातल्या लिओ रेटगर यांच्या कामातून पुढे १९२० च्या सुमारास स्पष्ट झालं. पण तोवर कल्पना बाजारात पोहोचली होती. १९१९ मध्ये आयझॅक करासो यांनी बार्सिलोनात दही तयार करायला सुरुवात केली, मुलाच्या लाडक्या नावावरून त्याचं नाव ठेवलं, आणि ते औषधांच्या दुकानांतून विकलं. आजची डॅनोन कंपनी तिथून सुरू झाली. जिवंत जिवाणू ही विकायची गोष्ट झाली ती या काळात.

आपल्या घरचं दही या जोडगोळीपेक्षा गर्दीचं असतं. कोमट दुधात विरजण घालून आपण पातेलं ओट्यावर ठेवतो, तेव्हा त्यात लॅक्टोकॉकस जातीचे जिवाणू असतात, त्यांचे सुगंध देणारे भाऊबंद असतात, थर्मोफिलस असतो, कधी एखादं यीस्टही असतं. कोणाचा जोर होणार हे तापमान ठरवतं. योगर्टवाल्या जोडीला ४० ते ४५ अंश सेल्सिअस हवे असतात. लॅक्टोकॉकसला ३० च्या आसपास बरं वाटतं. म्हणून मे महिन्यातलं दही आणि डिसेंबरातलं दही एकाच विरजणाचं असूनही चवीला वेगळं लागतं. थंडीच्या दिवसांत कधी दह्याला तार सुटते, तीही याच गर्दीतल्या काही जणांची करामत. गारव्यात ते साखरेचे लांब धागे जास्त विणतात.

आता पातेलं फ्रिजमध्ये गेलं. आत चार-पाच अंश आहेत. काय होतं?

पहिली गोष्ट, वाढ थांबते. बल्गेरिकस आणि थर्मोफिलस साधारण १५ अंशांच्या खाली वाढत नाहीत. पेशीचं विभाजन हे फार गुंतागुंतीचं काम आहे. शेकडो विकरं, म्हणजे एन्झाइम, एका तालात चालावी लागतात. थंडीत ती ताल सोडतात. पेशीचं आवरण चरबीच्या रेणूंचं असतं, ते थंडीत ताठरतं, त्यातून साखर आत घेणं आणि कचरा बाहेर टाकणं अवघड होतं. काही जिवाणू आवरणातली चरबी बदलून ते पुन्हा मऊ करतात, थंडीत उपयोगी पडणारी खास प्रथिनं बनवतात. पण मुख्य म्हणजे ते दुणावत नाहीत.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. वाढ थांबते, पण काम थांबत नाही. आधीच तयार झालेली विकरं चार अंशांनाही चालू असतात, अगदी सावकाश. नवी पानं मांडणं थांबतं, पण बसलेली पंगत जेवतच राहते. दुधातली साखर तुटत राहते, लॅक्टिक आम्ल तयार होत राहतं. डेअरीच्या भाषेत याला पश्चात आम्लीकरण म्हणतात. दही विकणाऱ्या प्रत्येकाची ही डोकेदुखी असते.

ताज्या दह्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेचारच्या आसपास असतो. फ्रिजमध्ये काही आठवडे ठेवल्यावर तो ४.२ पर्यंत, कधी त्याहून खाली येतो. तीन दशांशांचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण हे मोजमाप लॉगरिथमवर चालतं, आणि ०.३ नं खाली येणं म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण दुप्पट होणं. जीभ हे गणित बरोबर करते. आठवड्याच्या दह्याला आपण ‘जरा आंबट झालंय’ म्हणतो, ते ‘जरा’ म्हणजे पुष्कळ असतं.

आता हे आम्ल मारतं कसं? लॅक्टिक आम्लाचा रेणू दोन रूपांत असतो. एक विद्युतभार असलेलं, ज्याला पेशीचं आवरण सहसा आत येऊ देत नाही. दुसरं भार नसलेलं, जे आवरणातून सरळ आत शिरतं. आत गेल्यावर तिथल्या कमी आंबट वातावरणात ते तुटतं आणि प्रोटॉन सोडतं. सामू ४.५ असताना साधारण पंचमांश आम्ल या घुसखोर रूपात असतं. सामू ४ वर आला की ते प्रमाण दोन पंचमांशांवर जातं. म्हणजे आंबटपणा वाढतो तसं आम्ल तर वाढतंच, शिवाय त्यातला घातक वाटाही वाढतो. पेशीकडे यावर उपाय आहे. आवरणात एक पंप बसवलेला असतो, तो आत आलेले प्रोटॉन बाहेर उपसतो. पण पंप चालवायला ऊर्जा लागते, आणि थंडीत ऊर्जा तयार व्हायचा वेग मंद. उपसा कमी पडायला लागला की आतली विकरं बिघडतात आणि पेशी मरते.

मग थंडीचा हात आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे, पण जमाखर्च पूर्ण मांडा. तेच दही ओट्यावर ठेवलं असतं तर पंप जोरात चालला असता, हे खरं. पण आम्ल त्याहून कितीतरी जोरात तयार झालं असतं. बाहेर राहिलेलं दही दोन दिवसांत तोंड वाकडं करायला लावतं, आणि जिवंत पेशींचा आकडा बाहेरच लवकर कोसळतो. म्हणून फ्रिज.

या सगळ्यात बल्गेरिकसचा स्वभाव जरा वेगळा आहे. थर्मोफिलस आंबटपणा एका मर्यादेपुढे गेला की आम्ल करणं सोडून देतो. बल्गेरिकस थांबत नाही, सामू चारच्या खाली नेतो, आणि पुष्कळदा आधी तोच संपतो. डेअऱ्यांनी यावर उपाय काढला आहे. थंडीत कमी आम्ल करणारे वाण निवडायचे, किंवा मिश्रणात बल्गेरिकसचं प्रमाण कमी ठेवायचं. बाजारातलं काही दही पंधरवड्यानंतरही गोडसर लागतं, त्याचं एक कारण हे. मला स्वतःला ते दही थोडं अळणी वाटतं. पण ग्राहकाला गोड हवं असेल तर डेअरी काय करणार!

घरच्या दह्याचं गणित याहून वेगळं आहे, कारण त्यात लॅक्टोकॉकस आहे. हा १० अंशांनाही वाढू शकतो. आपल्या घरातला फ्रिज कागदावर चार अंशांचा असतो. पण दाराच्या कप्प्यात, दिवसातून वीस वेळा दार उघडताना, उन्हाळ्यात, वीज गेलेली असताना, तिथे आठ-दहा अंश सहज होतात. मग योगर्टची जोडी थांबलेली असते आणि लॅक्टोकॉकसचं चालूच असतं. घरचं दही फ्रिजमध्येसुद्धा विकतच्यापेक्षा लवकर आंबट होतं, यात गृहिणीचा दोष नाही. दही दारात ठेवू नका, मागे ठेवा, एवढं केलं तरी फरक पडतो. कोपऱ्यावरचा दुकानदार वीज वाचवायला रात्री फ्रिज बंद करत असेल, तर पाकिटावरच्या तारखेवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. ती तारीख अखंड थंडी गृहीत धरून छापलेली असते.

दही फ्रिजमध्ये कधी ठेवायचं, हेही महत्त्वाचं आहे. लागल्या लागल्या. मोठं पातेलं आत गेलं म्हणून लगेच थंड होत नाही. त्याच्या पोटातलं दही तासन् तास कोमट असतं आणि तेवढा वेळ आंबत असतं. म्हणून डेअरीत दही पूर्ण तयार व्हायच्या थोडं आधीच थंड करायला घेतात. घरी एवढंच करावं की लहान भांड्यांत लावावं. आणि लागलेलं भांडं कोमट असताना हलवू नये. दुधातल्या केसिन या प्रथिनाची जाळी थंड होताना आणखी घट्ट होते. त्याआधी धक्का बसला तर ती फाटते, पाणी सुटतं, आणि मग कवडी दह्याची आशा सोडावी लागते.

फ्रिज नव्हता तेव्हा काय होतं? बर्फ होता, पण तो थोड्यांचा. १८३० च्या दशकात अमेरिकेतून, बोस्टनहून, जहाजांनी बर्फ कलकत्त्याला आणि मुंबईला यायचा आणि तो साहेबाच्या आणि श्रीमंताच्या टेबलावर जायचा. भारतात बनलेला फ्रिज आला तो १९५८ साली, गोदरेजचा, आणि मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात तो रुळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. तोवर दही मातीच्या भांड्यात, शिंकाळ्यावर. भांड्याच्या छिद्रांतून पाणी पाझरून उडून जातं आणि आतलं थोडं गार राहतं. पण ते काही चार अंशांवर जात नाही. त्यामुळे दही साठवायची पद्धत एकच होती, रोज नवं लावायचं. उरलेल्याचं ताक व्हायचं, ताकातून लोणी निघायचं, फार आंबट झालं तर कढी. दह्याचे जिवाणू टिकवायचा मार्ग म्हणजे त्यांना रोज ताजं दूध पाजणं. थंडीच्या दिवसांत तर उलट काळजी असे. भांडं घोंगडीत गुंडाळायचं, धान्याच्या कणगीत ठेवायचं, चुलीच्या उबेला सरकवायचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांतल्या विरजणानं फ्रिज येईपर्यंत पाच अंश म्हणजे काय ते पाहिलंच नव्हतं.

फ्रिज आला आणि ही रोजची साखळी तुटली तरी चालू लागलं. चार दिवस गावाला जाऊन आलं तरी विरजण तयार. शेजारणीकडे वाटी घेऊन जायची गरज उरली नाही, आणि त्या वाटीबरोबर होणाऱ्या गप्पाही गेल्या. पण तो या व्याख्यानाचा विषय नाही. माझा अंदाज असा की आपल्या घरोघरच्या विरजणातली मंडळीही यामुळे बदलली असतील. दर वेळी आठवडाभर थंडी आणि आंबटपणा सोसून जे उरले, तेच पुढच्या दह्याचे पूर्वज होतात.

आता ‘मेले’ म्हणजे किती मेले, ते बघू. ताज्या दह्याच्या एका ग्रॅममध्ये १० कोटी ते १०० कोटी जिवंत जिवाणू असतात. १०० कोटी धरू. पाच ग्रॅमचा एक चमचा अर्धा लिटर दुधात घातला, तर दुधाच्या दर मिलिलिटरला एक कोटी मिळाले. समजा फ्रिजमध्ये फार दिवस राहून शंभरातले नव्याण्णव मेले. हे मी मुद्दाम टोकाचं धरतो आहे, नीट थंड ठेवलेल्या दह्यात दोन-तीन आठवड्यांत एवढी पडझड सहसा होत नाही. तरी एका मिलिलिटरला एक लाख उरले. लाखाचे कोटी व्हायला किती वेळा दुप्पट व्हावं लागतं? सात वेळांपेक्षाही थोडं कमी. उबदार दुधात दुप्पट व्हायला अर्धा तास धरला, तर साडेतीन तास. शिवाय थंडीतून आलेल्या पेशींना सावरायला थोडा वेळ. म्हणजे नव्याण्णव टक्के मेल्याची शिक्षा काय, तर दही चार-पाच तास उशिरा लागतं. ‘फ्रिजमधल्या विरजणाचं दही लागतच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी बहुधा सकाळी घाईनं झाकण उघडलेलं असतं.

गोठवणं मात्र वेगळं प्रकरण आहे. फ्रीझरच्या उणे १८ अंशांवर पाण्याचे स्फटिक होतात. गोठणं सावकाश झालं तर स्फटिक मोठे होतात, त्यांच्याभोवती उरलेलं पाणी क्षारांनी आणि आम्लानं दाट होत जातं, आणि पेशी त्यात सुकतात आणि फाटतात. लांब काडीचा बल्गेरिकस इथे जास्त मार खातो, गोल थर्मोफिलस त्यामानानं सुटतो. तरीही सगळे मरत नाहीत. जगभरच्या डेअऱ्यांना विरजण पुरवणारे कारखाने ते गोठवूनच पाठवतात, पण झपाट्यानं गोठवून, पेशींना सांभाळणारे पदार्थ मिसळून, आणि उणे ४५ किंवा त्याहून थंड ठेवून. परदेशात राहणाऱ्या आपल्या अनेक मराठी घरांत विरजणाचे बर्फाच्या ट्रेमध्ये खडे करून ठेवतात. ते चालतात. दही थोडं उशिरा लागतं आणि दर खेपेला चव जराशी सरकते, कारण गोठण्यातून सगळे सारख्या प्रमाणात वाचत नाहीत. जुन्या पिढीनं कापडाला दही लावून, वाळवून, बॅगेतून नेलं, तेही चालत असे. आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांनी मिरचीचे देठ दुधात टाकले. त्याला हसू नका. वनस्पतींवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात. बल्गेरियात तर खुद्द बल्गेरिकस झाडापाल्यावरून वेगळा काढला गेला आहे.

राहता राहिलं पाकीट. त्यावर ‘जिवंत’ लिहिलेलं असतं म्हणजे नक्की काय? कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेचं आंबवलेल्या दुधासाठीचं मानक सांगतं की दह्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये विरजणाचे निदान एक कोटी जिवाणू असले पाहिजेत, आणि तेही टिकण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. आंबवल्यानंतर तापवलेलं उत्पादन मात्र यातून वेगळं. ते महिनोन् महिने टिकतं, कारण त्यात काम करायला कोणी उरलेलं नसतं. तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. आणि हो, उकळलेल्या कढीतही कोणी जिवंत नसतं. म्हणून कढी सोडा असं सांगणारा माणूस मी नव्हे.

जिवंत असण्याचा उपयोग काय, याचं सर्वात भक्कम उत्तर दुधातल्या साखरेशी जोडलेलं आहे. आपल्यापैकी पुष्कळांना मोठेपणी दूध पचत नाही, पोट गुरगुरतं, पण दही पचतं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की दह्यातली साखर आतड्यात पोहोचल्यावर दह्यातल्याच जिवाणूंचं विकर ती तोडतं. पोटातल्या आम्लात नुसतं विकर टिकलं नसतं. जिवाणूची पेशी त्याला पिशवीत घालून पार नेते, आणि पुढे पित्तरसात ती पिशवी सैल होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये हा दावा मान्य केला, पण ग्रॅममागे १० कोटी जिवंत जिवाणूंची अट घालून. म्हणजे इथे आकडा महत्त्वाचा आहे. फ्रिजमध्ये महिनाभर पडलेलं दही कोडेक्सच्या परीक्षेत पास होईल आणि या परीक्षेत कदाचित नापास. दूध न पचणाऱ्यांनी म्हणूनच ताजं दही खावं, बाकीच्यांनी चवीप्रमाणे.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण त्या प्रश्नोत्तरांत येणारच आहेत. विरजण दोन आठवड्यांचं असेल तर चमचे वाढवू नका, त्यानं फक्त आंबटपणा वाढतो. आधी वाटीभर कोमट दुधात लावा, ते लागलं की त्यातला चमचा मोठ्या पातेल्याला. आणि फ्रिजमधल्या दह्यावर रंगीत बुरशी दिसली, किंवा दारूसारखा वास येऊन झाकण फुगलं, तर ते टाकून द्या. ते जिवाणूंचं काम नव्हे, बुरशीचं आणि यीस्टचं आहे, आणि थंडीला न जुमानणारे खरे पाहुणे ते. नुसतं आंबट झालेलं असेल तर टाकायचं काही कारण नाही. त्याचं ताक करा.

आता आपले प्रश्न घेऊ.